फुली, बाण आणि नऊ नंबर

वर्गात चित्रकलेच्या मास्तरावर कोणी संशय घेत नाही. फार तर कीव करतात. पण तोच मास्तर तीस-एक पोरं घेऊन एखाद्या जुन्या गल्लीत शिरला, आणि त्या पोरांनी हात ताठ पुढे करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा वरखाली सरकवायला सुरुवात केली, की सगळा पारा हातातलं काम टाकून दारात येतो. पारा म्हणजे इकडची आळी. मला हा क्षण फार आवडतो. नाटकाचा पडदा वर जावा तसं वाटतं. फक्त प्रेक्षक कोण आणि नट कोण, ते शेवटपर्यंत ठरत नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. रायपूरला एका कला महाविद्यालयात शिकवायला आलो आणि राहिलो. घर समता कॉलनीत. तिथे दर दुसऱ्या फाटकावर कुठल्या तरी डॉक्टरची पाटी आहे आणि चित्र काढावं असं काही नाही. म्हणून दर हिवाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी पुरानी बस्तीत जातो. आमच्या भाषेत याला आउटडोअर म्हणतात. माझ्या आउटडोअरचे नियम कडक आहेत. एक विषय, एक जागा, एक वेळ, आणि दोन आठवडे रोज तेच चित्र, नव्या कागदावर. फक्त पेन्सिल. रंग बंद. पहिल्या दिवशी मुलं घर काढत नाहीत, घराबद्दल त्यांना जे माहीत असतं ते काढतात. मग कंटाळतात. कंटाळा चांगला मुरला की नाइलाजाने समोर बघायला लागतात, आणि तिथून पुढे मला पगार घ्यायला लाज वाटत नाही.

मोबाइलने यात घोळ घातला. मुलं पहिल्या दिवशी एक फोटो काढतात, मी पाठ फिरवली की मोमोच्या गाडीवर पसार होतात, आणि घरी पंख्याखाली बसून दोन आठवड्यांची चित्रं पाडतात. त्यामुळे मी चित्रकलेचा मास्तर कमी आणि फौजदार जास्त झालो आहे, आणि कबूल करतो, या बढतीचा मला आनंदच आहे. फोटोवरून काढलेलं चित्र मी दुरून ओळखतो. सावली सगळ्या कागदांवर एकाच जागी थिजलेली असते. कडेचे खांब आत झुकतात, कारण मोबाइलची काच तशीच बघते. आणि चित्रात कुत्रं नसतं. प्रत्यक्ष बसून काढणाऱ्याच्या चित्रात कुत्रं येतंच, कारण ते त्याच्या डब्यावर लक्ष ठेवून समोर बसलेलं असतं.

आता त्या खुणेचं सांगतो, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यावरून झालं.

रोज त्याच जागी बसायचं म्हणजे अगदी त्याच. वीतभर डावीकडे सरकलात तर खांबाआड लपलेली खिडकी बाहेर येते आणि कालचं चित्र खोटं ठरतं. म्हणून प्रत्येकाने आपल्या बसण्याच्या जागी जमिनीवर फुली मारायची, जिकडे बघायचं तिकडे बाण काढायचा, आणि जागेवरून भांडणं नकोत म्हणून शेजारी आपला रोल नंबर लिहायचा. त्या वर्षी पहिल्या दिवशी हे सगळं खडूने केलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर गल्ली कोरी. इथल्या बायका पहाटे अंगणात सडा घालतात, त्यात आमच्या खुणा वाहून गेल्या होत्या. उन्हातल्या जागांसाठी मारामारी सुरू झाली. तेव्हा मी गेरू आणला, त्यात फेव्हिकॉल कालवला, आणि नव्याने फुल्या मारायला लावल्या. लालभडक, ठसठशीत. पाण्याने जाईनात. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी मुलांना चहा पाजला.

नऊ नंबरची मुलगी बीरगावहून यायची. वडील तिथल्याच एका कारखान्यात. ती सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या शेवटी उठायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. विचारलं तरी बहुतेक वेळा नुसतं "हव सर." हव म्हणजे हो. तिची फुली पडली एका बसक्या, कौलारू घरासमोर. घराला पुढे लाकडी खांबांची पडवी होती, तिला इकडे परछी म्हणतात. त्या पडवीत शिलाईची मशीन टाकून एक पन्नाशीच्या बाई ब्लाउज शिवत बसायच्या. मागे दोरीवर तयार ब्लाउज टांगलेले, पायाशी चिंध्यांचा ढीग, ढिगावर मांजर. उजेड असा सुंदर यायचा की मीच तिथे बसलो असतो. पण फौजदाराला बसून चालत नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी मशीन थांबवून मला हाक मारली, हिंदीत. "भैया, ये बच्चे एक आँख बंद करके क्या देख रहे हैं?"

मी दोरीवरच्या ब्लाउजच्या चिठ्ठ्यांवर मराठी नावं वाचली होती. म्हणून मोठ्या प्रेमाने मराठीत म्हणालो, "काही नाही हो ताई, फक्त मापं घेतायत."

परमुलखात मराठी ऐकलं की माणूस विरघळतो, असा माझा समज होता. बाई विरघळल्या नाहीत. उलट त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मराठी होय तुमी? कोणत्या आफिसातले? सरकारी, नव्या रायपूरचे?"

"ऑफिस नाही, कॉलेज."

"कालेजवाले मागंबी आले होते. नालीचं माप घेऊन गेले आन् सहा महिने रस्ता खोदून ठेवला. आमी मराठ्यायच्या राज्यापासून इथं आहो, साहेब. आमाले सगळं समजते. माप कायले पायजे तुमाले?"

"साहेब नाही ताई, मास्तर आहे मी. तुमचं घर फार महत्त्वाचं आहे म्हणून मुद्दाम निवडलंय. दोन आठवडे रोज येऊ. तुम्ही काही हलवू नका, आहे तसं राहू द्या, बस."

मी हे हात जोडून, मान तिरकी करून, जमेल तेवढं गोड हसत म्हणालो होतो. समोरच्या माणसाचा धीर सुटावा म्हणून याहून चांगलं वाक्य मला मुद्दाम ठरवूनही सुचलं नसतं. बाई "बरं" म्हणाल्या आणि मशीन चालू केली. मला वाटलं, जिंकलो.

आठवडा संपत आला तसं मी चित्रं तपासायला बसलो. मंदिराच्या कट्ट्यावर कागद पसरायचे आणि एकेकाला बोलवायचं, ही माझी कचेरी. नऊ नंबरचं चित्र हातात आलं आणि माझ्यातला फौजदार उठून बसला. पडवीच्या छपराच्या डाव्या कडेला कौलंच नव्हती. नुसते वासे.

"हे काय?"

"परछी है सर."

"कौलं कुठायत?"

"उधर नहीं हैं सर."

चौदा आणि बावीस नंबरची मुलं गल्लीच्या वळणावर बसायची. त्यांच्या चित्रात संपूर्ण गल्ली यायची, त्यात हे छप्परही. मी त्यांचे कागद मागवले. दोघांच्याही छपरावर कौलं शेवटपर्यंत, एकसारखी, ओळीत. मी तीनही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि वकिलासारखा पॉज घेतला.

"म्हणजे हे दोघं आंधळे?"

तिने आपल्या कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"कौलं काढायचा कंटाळा आला, म्हणून वासे काढून मोकळी झालीस. बरोबर?"

"जैसा दिखा वैसा बनाया सर."

मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की कंटाळा करायचा तर निदान कल्पकतेने करावा. चौदा आणि बावीस हसले. ती कागद गोळा करून पुन्हा आपल्या फुलीवर जाऊन बसली.

पुढच्या तपासणीला तिच्या छपराच्या आणखी काही ओळी कमी होत्या. त्याच्या पुढच्या वेळी आणखी काही. आता ही मुलगी माझी थट्टा करते आहे अशी माझी खात्री झाली. अशी थट्टा मला आतून आवडते, पण तोंडावर ते दाखवता येत नाही. मी पुन्हा चौदा आणि बावीसचे कागद काढले. छप्पर भरलेलं. एकूण एक कौल जागेवर. आणि तेव्हा, कागद हातात धरून, मला एक बारीकशी गोष्ट खटकली. दोघांच्याही चित्रात छपराची सावली दाराच्या कडीवर पडली होती. दोन्ही आठवड्यांच्या सगळ्या कागदांवर. त्याच कडीवर. आणि कुठेही कुत्रं नव्हतं.

नऊ नंबरच्या प्रत्येक कागदावर कुत्रं होतं. एकात बसलेलं, एकात पाठमोरं, एकात नुसती शेपटी.

मी त्या दोघांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

इतके दिवस मी त्या घराकडे बघितलंच नव्हतं. मी मुलांकडे बघत होतो. घराकडे बघायचं काम मुलांचं. चोरांवर नजर ठेवणाऱ्याने दुकान बघू नये तसा मी वळणापलीकडच्या चहाच्या ठेल्यावर बसून पळणाऱ्यांची मोजदाद करत होतो. कागद तिथेच टाकून मी उठलो आणि वळण घेऊन पडवीसमोर जाऊन उभा राहिलो.

निम्मं छप्पर नव्हतं. उघड्या वाशांमधून ऊन मशीनवर पडलं होतं आणि बाई डोक्यावर पदर घेऊन, डोळे बारीक करून, बटणं लावत होत्या. आतल्या अंगणात कौलं एकावर एक अशी रचून ठेवलेली दिसत होती.

"तुला दिसलं होतं हे?" मी नऊ नंबरला विचारलं.

"दिखा सर. इसीलिए तो बनाया."

"मग बोलली का नाहीस?"

"आपने ही बोला था सर, जो दिखे वो बनाओ, सवाल मत पूछो."

मी हे खरोखरच बोललो होतो. दर वर्षी बोलतो. फार टाळ्या मिळतात.

मी पडवीच्या पायरीशी गेलो. "ताई, छप्पर काढताय? दुरुस्ती?"

बाईंनी दोरा दाताने तोडला. "आता कायले विचारून राहिले? तुमीच तर नऊ लिहून गेले."

"काय नऊ?"

त्यांनी हातातली सुई फुलीकडे रोखली. "फुली मारली. बाण माह्या घरात घातला. नऊ लिहिलं. माह्या नवऱ्यानं फीत लावली. तुमच्या फुलीपासून बरोबर नऊ फुटात माही परछी सरते. रस्ता रुंद झाला की खांबापर्यंत जाते सगळं. आता जेसीबी येऊन चुरा करंल, त्यापेक्षा आपल्या हातानं उतरवलं तर कवेलू तरी वाचतीन. लगनसराई आहे, ब्लाउज द्याचे आहेत, म्हणून रोज एक ओळ उतरवून राहिलो. उद्या मिस्त्री येते खांब काढाले."

मला पहिल्यांदा हसू आलं. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

"ताई, हा तिचा रोल नंबर आहे."

"हव ना," बाई म्हणाल्या. म्हणजे बिलकुल नाही.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक रिटायर्ड काका बाहेर आले. हातात टेप. ते गेले आठ-दहा दिवस माझ्याशी बोलायची संधी शोधत होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या दारात फुली होती आणि नंबर होता एकतीस. त्यांनी टेप लावून पाहिली होती. एकतीस फूट म्हणजे ओसरी, बैठक, झोपायची खोली, संडास आणि मागच्या शेजाऱ्याची विहीर. ते वकील शोधत होते. पलीकडच्या दारात दोन नंबर होता, तिथला मालक भलताच खूश, कारण दोन फुटात त्याची फक्त पायरी जाणार होती, आणि तो घरोघर जाऊन इतरांचं सांत्वन करत फिरत होता. वळणावर चौदा आणि बावीसचे बाण गल्लीच्या लांबीत होते, म्हणून त्यांना लोकांनी नालीच्या कामात टाकलं होतं. आणि ज्यांच्या दारात काहीच नव्हतं त्यांच्याशी गेल्या आठवड्यापासून कोणी धड बोलत नव्हतं. त्यांनी वरती सेटिंग केली असणार.

माझ्या खुणा बघून एवढ्या मोठ्या गल्लीने एवढी सुसंगत योजना तयार केली होती, की मी स्वतः क्षणभर तिच्यावर विश्वास ठेवला.

"आम्ही चित्रं काढतो, काका. कला महाविद्यालय."

"चित्र?" काका म्हणाले. "तो रंग कहाँ है? चित्र में रंग होता है. ये सब पेन्सिल से नक्शा बना रहे हैं."

"मी रंग बंद केलेत."

"क्यों?"

याचं खरं उत्तर लांब होतं आणि त्या उन्हात ते मलाही पटलं नसतं.

"फुल्या पुसून टाकतो आत्ता," मी म्हणालो.

"पाहा," बाई काकांना म्हणाल्या, "पकडले गेले तं पुसून राहिले." मग माझ्याकडे वळून: "आन् मी पुसली नसंन का? रोज सड्याच्या पाण्यानं घासते. नाही निघत. सरकारी रंगच असा राहते. खडूची होती तेव्हा मी म्हटलं, पोट्ट्यायचा खेळ असंन. दुसऱ्या दिवशी पक्की केली तेव्हाच समजली."

फेव्हिकॉल, मी मनात म्हणालो. आणि मी त्यावर चहा पाजला होता.

मी पायरीवरच बसलो. "ताई, पडवी गेली तर मशीन आत नाही का लावता येणार?"

"आत उजेड कुठं आहे? सुईत दोरा नाही दिसत. आन् बायका मापाले येतात, त्यायले काय आमच्या सैपाकघरात उभ्या करू? परछी आहे म्हणून काम आहे. परछी गेली की मी मोकळी." त्यांनी हे बटण लावता लावता सांगितलं, वर न पाहता. मांजर उठून उन्हातून सावलीत गेलं. सावली थोडीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री येणार होता. मी किती सांगितलं तरी माझा प्रत्येक शब्द नवा पुरावा ठरत होता. तेव्हा मी ठरवलं की यापुढे बोलायचं नाही, करून दाखवायचं.

मी वर्गात क्वचितच हजेरी घेतो. त्या सकाळी गल्लीत घेतली. मुलांना आदल्या दिवशी निरोप गेला होता: येऊन आपापल्या फुलीवर उभं राहायचं, बसायचं नाही. मी वळणावरच्या एका ओट्यावर चढलो आणि पोटातून आवाज काढला. आवाज माझा मूळचा मोठा आहे, कॉलेजात त्याला वाव मिळत नाही. पारा दारात आला. बाई पडवीतच राहिल्या. मिस्त्री पहार घेऊन आला होता, तोही थांबला.

"नंबर एक."

"प्रेजेंट सर."

"नंबर दोन."

दोन नंबरचा मुलगा फुलीवरून हात वर करून उभा. दोन फुटांचा मालक दारातून त्याच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड उतरलं. त्याचंच स्वस्तात भागलं होतं, आणि आता तर कोणाचंच काही जाणार नव्हतं.

"नंबर नौ."

"हव सर."

गल्लीतल्या माना पडवीकडे वळल्या, मग मुलीकडे. बाईंनी चष्मा खाली घेतला.

असं करत मी पुढे गेलो. "इकतीस" म्हटल्यावर काकांच्या दारातून एक काडीपैलवान मुलगा कानातला इअरफोन काढत म्हणाला, "प्रेजेंट." काकांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"ये इकतीस फीट है?"

"नहीं अंकल, रोल नंबर है."

"एक हफ्ते से मैं तेरे कारण सोया नहीं."

"सॉरी अंकल."

गल्ली हसली. पहिल्यांदाच. मी खूश झालो आणि त्या खुशीत पुढचा नंबर पुकारला, जो मघाशी घाईत माझ्याकडून सुटला होता.

"सत्रह."

कोणी नाही.

सतरा नंबरची फुली किराणा दुकानासमोर होती. बाण सरळ दुकानात. फुलीवर कोणी उभं नव्हतं. मी पुन्हा पुकारलं. हसू विरलं. दुकानदार काउंटरमागून बाहेर आला, फुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मतलब, हमारा वाला असली है?"

सतरा नंबर माझा वर्गातला लाडका. त्याची चित्रं मी इतरांना दाखवायचो. दोन आठवड्यांत तो गल्लीत एकदाही आला नव्हता, हे तेव्हा उघड झालं. फुली मित्राने मारली होती, फोटो मित्राने पाठवला होता, आणि लाडका म्हणून मी त्याला तपासणीला बोलवत नसे, कागदही मित्रच आणून ठेवायचा. मी तिथूनच त्याला फोन लावला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो येईपर्यंत अख्खा पारा वाट बघत थांबला. एका विद्यार्थ्याच्या हजेरीसाठी एवढी माणसं ताटकळलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. शेवटी स्कूटीवरून, ओल्या केसांनी, उलटा टी-शर्ट घालून तो आला. दुकानदाराने त्याला खांद्याला धरून फुलीवर उभा केला आणि म्हणाला, "अब बोल."

"प्रेजेंट सर."

दुकानदाराने श्वास सोडला आणि त्याच्या हातात एक बिस्किटचा पुडा दिला. चांगली चित्रं काढणाऱ्या बाकीच्यांना काही मिळालं नाही.

मला वाटलं, आता झालं. पडवीकडे गेलो. मिस्त्री पहार खांबाला टेकवून उभा होता. बाई अजून उठल्या नव्हत्या.

"पाहिलंत ना ताई?"

"पाह्यलं. हजेरी काय, कोणाचीबी घेता येते. तुमचे पोट्टे, तुमी म्हणाल तसं म्हणतीन." आणि मुलीकडे बोट करून: "तू इकडं ये. तू काय लपवून राहते रोज? मी पाण्याले उठली की हात ठेवते कागदावर."

मुलगी लाजली. ती अर्धवट चित्र कोणालाच दाखवत नाही, मलाही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग तिने आपल्या कागदांचा सगळा गठ्ठाच पडवीच्या जमिनीवर मांडला, पहिल्या दिवसापासून ओळीने.

बाई मशीनवरून उठल्या आणि कागदांजवळ उकिडव्या बसल्या. पहिल्या कागदावर छप्पर भरलेलं. मग एक ओळ कमी. मग दोन. घर कागदाकागदाने उघडं पडत चाललेलं. आणि प्रत्येक कागदावर मशीन, मशीनवर वाकलेल्या बाई, दोरीवरचे ब्लाउज, त्यांची संख्यासुद्धा रोज वेगळी. चिंध्या. कुत्र्याची शेपटी. एका कागदावर बाई सुईत दोरा घालत होत्या आणि जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती.

त्यांनी सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून पाहिले. मी बोलणार होतो, पण माझ्या नशिबाने मला शिंक आली.

"हे मांजर काहून काढलं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"बैठी थी, आंटी."

"आन् ही माही जीभ?"

मुलीने तो कागद घाईने दुसऱ्याखाली सरकवला.

बाई उठल्या. गुडघे झटकले. मिस्त्रीला म्हणाल्या, "पहार ठेव बाजूले. मोजणारा माणूस मांजर नाही काढत. माही जीभ घेऊन सरकार काय करंल?" मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमच्यापेक्षा या पोट्टीचा भरोसा वाटते. तुमी लई हसून बोलता."

त्या दिवशी आउटडोअर झालं नाही. मिस्त्री वर चढला, मुलांनी आतल्या अंगणापासून पडवीपर्यंत रांग लावली आणि कौलं हातोहात वर गेली. सतरा नंबरला मी सगळ्यात शेवटी, धुळीच्या जागी उभा केला. चौदा आणि बावीस त्याच्या दोन्ही बाजूंना. काका टेप घेऊन उगाच कौलांची ओळ सरळ आहे का ते बघत होते. नऊ नंबर मात्र रांगेत नव्हती. ती आपल्या फुलीवर बसून काढत होती, आणि मी तिला उठवलं नाही.

निघताना मी तार-घासणी आणि थिनर आणून फुल्या खरवडायला लावल्या. दुकानदाराने आपली फुली स्वतः खरवडली, कोणावर विसंबला नाही. बाईंच्या दारातली खरवडायला एक मुलगा बसला तर त्यांनी त्याला उठवलं.

"माही राहू द्या."

"का हो ताई?"

"असू द्या. तुमाले काय करायचं?"

मी फौजदारी नजरेने त्यांच्याकडे बघितलं, पण त्या मशीनवर बसून ब्लाउजला बाही जोडत होत्या. छपराखाली पुन्हा सावली झाली होती आणि मांजर चिंध्यांवर परतलं होतं.

महिनाभराने एका पाहुण्याला मंदिर दाखवायला त्या गल्लीत गेलो. पडवी शाबूत. दारातली फुली शाबूत, नव्हे, ताजी. गेरू नुकता लावलेला दिसत होता, पक्का, चकचकीत. बाणही तसाच घराकडे. फक्त शेजारी आता नऊ नव्हतं. एक होतं.

"ताई, हे काय?"

बाईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "रस्ता रुंद होणार म्हणून लोक अजून बोलूनच राहिले. आज ना उद्या खरे लोक येतीन. त्यायले म्हणीन, तुमचाच माणूस आधी लिहून गेला, पाहा. नऊ जास्त होते. एका फुटात नालीच जाते, ते जाऊ द्या."

"आणि हे लिहिलं कोणी?"

"मी लिहिलं. कोण लिहीन दुसरं?"

मी वाकून बघितलं. फुलीच्या दोन्ही रेघा समान लांबीच्या होत्या. बाणाचं टोक असं काढलं होतं की ते जमिनीवर पडलेलं नाही, पायरीवर चढत गेलेलं वाटावं. खोलीचा हा आभास आणायला मी त्या वर्षी पूर्ण वर्गाला शिकवलं होतं आणि तो फक्त एकीलाच जमला होता. शेजारी गेरूत उमटलेला एक कुत्र्याचा पंजाही होता.

"छान काढलंय तुम्ही," मी म्हणालो.

"हव ना," बाई म्हणाल्या आणि मशीन चालू केली.